वरच्या कठड्याचा आकडा

२७ जानेवारी, सोमवार

ऋतुजा मॅडमनी आज लॅबच्या टेबलावर तीन ब्रोशर टाकली. हेलिकॉप्टर! खेळण्यातलं नाही – रिमोटवर उडणारं, पोटाखाली आपली सेन्सरची पेटी बांधून थेट साखर कारखान्याच्या चिमणीच्या तोंडाशी जाणारं. धुरातली धूळ तिथेच मोजायची, माणूस वर पाठवायचा नाही. "प्रदीप, ती चिमणी तुम्हाला माहितीये. यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगा. सीझन संपायच्या आत." कारखाना आठ मार्चला बंद होणार. म्हणजे सहा आठवडेही नाहीत.

"बघतो," म्हणालो. चेहरा सरळ ठेवला. आतून काय झालं ते इथे लिहितो, दुसरीकडे सोय नाही.

जोतीरामकाका ३१ मार्चला रिटायर होतायत. सत्तावीस वर्षं चिमण्यांवर चढले. बाकी चिमण्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या, गच्चीवरूनच काम होतं. चढायची ही एकच – वेळापूरच्या पलीकडची. साठ मीटर उंच, आणि नमुना घ्यायचं भोक चाळीस मीटरवर, वरच्या कठड्याला. पुढच्या सीझनला तिथे जाणार कोण? मी. लॅबमध्ये मला घेतलंच मुळी चढायला.

आणि मला वर चक्कर येते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या कठड्यावर सगळी चिमणीच फिरायला लागली होती. काकांनी पट्ट्याला धरून बसवलं. खाली आल्यावर म्हणालो, उपाशी होतो. खोटं. दोन भाकरी खाऊन गेलो होतो. तेव्हापासून काका एकटे वर जातात आणि मी खाली जनरेटरपाशी. "तू आकडं लिव्ह, मी सांगतो फोनवर," ते स्वतःच म्हणाले. मी एकदाही नको म्हणालो नाही.

संघप्रियालाही माहीत नाही. तिला वाटतं नवरा अजून चढतो.

तर हिशेब सरळ आहे. हेलिकॉप्टर आलं तर मी वाचलो. नाही आलं तर येत्या दिवाळीला मी वर.

२९ जानेवारी

ब्रोशर वाचून डोकं उठलं. प्रत्येकाचंच हेलिकॉप्टर जगात सर्वोत्तम!

आपली पेटी, नळी, पट्ट्या धरून दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. मी स्वतः तीनदा वजन केलं. आता उमेदवार – पहिलं पेट्रोलचं, अक्कलकोटच्या बसवराज यांनी स्वतः बांधलेलं. पाच किलो उचलतं, पाऊण तास उडतं. दुसरं पुण्याच्या कंपनीचं, बॅटरीवरचं. तीन किलो, अठरा मिनिटं. तिसरा सहा पंख्यांचा ड्रोन. चार किलो, वीस मिनिटं. मॅडमचं मन ड्रोनवर आहे, कारण तो शिकायला सोपा. माझं अजून कशावरच नाही.

एक गोष्ट बारीक अक्षरात सापडली. हे सगळे आकडे पंधरा डिग्रीच्या हवेतले. पंधरा डिग्री असली की सोलापुरात लोक कानटोपी घालतात! हवा तापली की पातळ होते, पात्याला धरायला कमी मिळतं. तीन किलोवाल्यानं आपल्याकडच्या उन्हात अडीच उचललं तरी खूप झालं. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग उडवूनच बघू."

३० जानेवारी

काकांना ब्रोशर दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "लई झ्याक हाय. पर हे आलं म्हंजी तुझं काय?" टोमणाच तो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यामागच्या माळावर वजन उचलायची चाचणी. खरी पेटी बांधायची मॅडमची हिंमत होईना. मग काकांनी सुचवलं, ज्वारी बांधा. पडली तर पाखरं खातील.

गावातल्या दुकानात गेलो. दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम ज्वारी द्या, म्हणालो. दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी एक दाणा मागितला. मोजून दिली आणि वर दोन मुठी टाकल्या – "ऱ्हाऊ द्या, काट्यावर काय जातंय." पिशवी तशीच बांधली. पुण्याचं हेलिकॉप्टर हातभर उठलं, थरथरलं आणि खाली बसलं. पुण्याची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मी पिशवी सोडून काट्यावर ठेवली. दोन किलो सहाशे! दोन मुठी काढल्यावर उडालं. बसवराज पोट धरून हसत होते. त्यांच्या हेलिकॉप्टरनं अख्खी पिशवी आणि वर माझी पाण्याची बाटलीही नेली असती.

तिघंही पास. मॅडमची खरी अट आता – प्रत्येक यंत्र चिमणीच्या तोंडाशी जाऊन मोजणार, त्याच वेळी काका वरच्या भोकातून मोजणार. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. "जोतीरामकाकांचा आकडा म्हणजे आपला गज," म्हणाल्या. बरोबरच आहे. सत्तावीस वर्षांत काकांच्या आकड्याला कुणी बोट लावलेलं नाही.

१० फेब्रुवारी

पेट्रोलवालं. आवाज असा की माळावरच्या शेळ्या उधळल्या. पहिल्या फेरीत आकडा भलताच – इंजिनाचाच धूर सेन्सरमध्ये जात होता.  बसवराज यांनी गाडीतून दोन मीटरची हलकी नळी काढली, पुढे नाकासारखी बांधली आणि पुन्हा उडवलं. मोठं पातं, वारा कापत शांत उभं राहतं. मला आवडलं. माणूसही आवडला.

हेलिकॉप्टरचा आकडा १६३ – घनमीटरभर धुरात इतके मिलिग्रॅम धूळ. काकांचा १२८. फरक सत्तावीस टक्के.

"काकांचंच बरोबर असणार," बसवराज म्हणाले. "माझं यंत्र कुठंतरी चुकतंय सर." तीन वर्षं घरच्या पडवीत खपून बांधलंय त्यांनी. वाईट वाटलं. पण आकडा तो आकडा.

१७ फेब्रुवारी

ड्रोन. चिमणीच्या तोंडाशी गरम धुराचा लोट लागला की डगमगतो. सहा पंखे सगळा धूर ढवळून टाकतात. तीन फेऱ्यांनंतर कसाबसा स्थिर आकडा मिळाला – १५८. काका १२४. हाही नापास. मॅडमचं तोंड उतरलं.

परत येताना कारखान्याच्या कुंपणापाशी गोजरबाईंनी हटकलं. त्यांचं घर चिमणीच्या वाऱ्याच्या दिशेला. बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, पांढऱ्या कुरडयांवर काळे ठिपके. "साहेब, तुमची मशीन म्हंती हवा चांगली हाय. मग ही काजळी कुटनं येती? रोज पुसून पुसून खायाच्या का आमी?" प्रदूषण मंडळाची मर्यादा दीडशेची, काकांचा आकडा त्याच्या खाली. कागदावर सगळं ठीक. "बघतो मावशी," म्हणालो. मी फारच वेळा बघतो म्हणतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याचं बॅटरीवालं. याच्यासारखं कुठलंच नाही. ना धूर, ना हादरा. एकच मोठं पातं, त्यामुळे खालचा वारा संथ. नळी लोटाच्या बरोबर मध्ये धरून बारा मिनिटं खिळ्यासारखं उभं. मनात म्हटलं, हेच.

१६१. काका १२७.

मॅडमनी फाईल बंद केली. "तिन्ही फेल. खरेदी रद्द. पुढच्या सीझनला जुनंच चालू ठेवू. प्रदीप, तुम्ही आहातच की."

मी आहेच की! घरी येताना स्कूटर आसरा चौकात उगाच दहा मिनिटं उभी केली.

२२ फेब्रुवारी

संघप्रिया म्हणाली, भाजीत मीठ नाही हे तू सांगितलंसुद्धा नाहीस. मला कळलंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अंगणात बसून सगळे आकडे पुन्हा मांडले. १६३ ला १२८. १५८ ला १२४. १६१ ला १२७. भागाकार केला – सव्वापटीच्या किंचित वर. तिन्ही वेळा तेच!

तीन वेगळी यंत्रं. एक पेट्रोलचं, एक बॅटरीचं, एक सहा पंख्यांचं. चुकायचं तर प्रत्येकानं आपापल्या तऱ्हेनं चुकायला हवं. ही तिघं एकाच दिशेला, एकाच मापानं चुकतायत. असं होत नाही.

तिघांत सामाईक एकच, ती म्हणजे आपली सेन्सरची पेटी. तीच बिघडली असणार. बरं वाटलं. पेटी दुरुस्त होते.

२५ फेब्रुवारी

पेटी लॅबमध्ये दिवसभर तपासली. मोजून धूळ सोडली, फिल्टरचं वजन केलं, पुन्हा सोडली. पाच वेळा. पेटी बिनचूक आहे.

मग उरतं काय? उरतं ते लिहायला हात धजत नाही.

१ मार्च

काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, वरच्याच भोकातून घेता ना?"

"मग काय खालनं?" हसले. पण डबा बंद करून उठले. अर्धी भाकरी तशीच होती.

खाली, बारा मीटरवर, पहिल्या टप्प्याला एक जुनं भोक आहे. ते वापरायचं नसतं. तिथे धूर नुकताच वळण घेऊन आलेला असतो, धूळ बाहेरच्या भिंतीला फेकली जाते आणि भोक नेमकं आतल्या बाजूला. तिथे मोजलं तर आकडा कमी येणार. किती कमी – ते कुणी कधी मोजलेलं नाही.

शिडी चिमणीच्या पाठीमागे आहे, बॉयलरच्या बाजूला. जनरेटरपाशी उभं राहून दिसत नाही. मी कधी पुढे जाऊन बघितलंही नाही. कशाला बघू? काका वर आहेत, मी खाली आहे, एवढ्यावर मी खूश होतो.

खात्री करायची तर एकच वाट आहे. कुणीतरी वर जायचं. मॅडमना सांगून दुसरा माणूस मागवता येईल, पण मग काकांचं नाव आधी घ्यावं लागेल, तेही नुसत्या संशयावर. सत्तावीस वर्षांच्या माणसाबद्दल असं नुसत्या भागाकारावर बोलवत नाही.

४ मार्च, मंगळवार

गेलो. वर गेलो!

काकांना टॉवेल कारखान्याच्या कामाला लावलं आणि एकटा कारखान्यावर आलो. सेफ्टीचे श्रीमंत केबिनमध्ये होते. पहिल्या टप्प्याच्या वर आता जाळीचं दार आहे, त्याला कुलूप. माझ्या वेळी हे नव्हतं. किल्लीच्या वहीत सही केली – हात असा की सही माझी मलाच ओळखू येईना. श्रीमंतही सही करून हेल्मेट घालून निघाले. "नियमात बसत नाही, पण मी येतो मागनं. तुमी वर याल असं वाटलं नव्हतं मला," म्हणाले. कारखान्यातल्या लोकांना आपलं सगळंच कळत असतं वाटतं.

पहिला टप्पा – ठीक. वीस मीटर – पट्टा पुन्हा तपासला. त्यानंतर मी फक्त शिडीचे गज मोजले. एक, दोन, तीन. श्रीमंत खालून सारखं सांगत होते, "भिताडाकडं बघा. हात बदलू नका घाईनं." तिसाव्या मीटरला चिमणी फिरायला लागली. शिडीला मिठी मारून थांबलो. किती वेळ, माहीत नाही. श्रीमंतांनी एक हात माझ्या बुटावर ठेवला. मग पुन्हा एक, दोन, तीन.

कठड्यावर पोचलो. ऊस, माळ, नातेपुत्याकडचा रस्ता – काहीच बघितलं नाही. भोकाचं झाकण बघितलं. झाकणाच्या चारही नटांवर लाल रंग. कारखान्यानं दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात चिमणी रंगवली, तो रंग. झाकण, नट, चिमणी – सगळ्यावर एकसलग, कुठेही तडा नाही.

दोन वर्षं हे झाकण कुणी उघडलेलंच नाही.

श्रीमंतांनी पाना लावला. रंग कडकन फुटला. नळी आत घालून मोजलं. १६०.

१६०! यंत्रं बरोबर होती. तिन्ही.

उतरलो कसा ते आठवत नाही. खाली बसून अर्धा तास पाणी प्यालो.

५ मार्च

राग येतोय. लिहूनही जात नाही.

दोन वर्षं सीझनच्या दर महिन्याला मी खाली उभा राहून काकांनी सांगितलेले आकडे वहीत उतरवले. माझ्या अक्षरात! गोजरबाईंच्या दारात जाऊन बघतो म्हणालो. मर्यादा दीडशे, खरा आकडा एकशे साठ, आणि आम्ही लिहीत होतो एकशे अठ्ठावीस. ज्या माणसानं मला पट्टा बांधायला शिकवला, आकडा म्हणजे इमान असं ज्यानं मला पहिल्या दिवशी सांगितलं, त्यानं हे केलं.

दुपारी लॅबच्या जिन्यात गाठलं. नटांवरचा रंग सांगितला.

"व्हय. खालनंच घेतलं."

"दोन वर्षं?"

"व्हय."

"का पण?"

"वय झालं, दुसरं काय. गुडघं चालत न्हाईत." मग एकदम वर बघून – "तू वर गेलास? एकटाच?"

"श्रीमंत होते."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि जिना उतरून गेले. दोन-दोन पायऱ्या घेत. माफीचा एक शब्दही नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

७ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट दिला. चार पानं.

शिफारस – पुण्याचं बॅटरीवरचं हेलिकॉप्टर. कारणं: स्वतःचा धूर नाही, हादरा कमी, गरम लोटात स्थिर, आपलं वजन पस्तीस डिग्रीत उचलतं. नळी पुढे काढायची कल्पना बसवराज यांची, ती त्यांच्या नावानिशी लिहिली. मॅडम त्यांना जोडणीचं काम देणार आहेत. शेवटच्या पानावर – गेल्या दोन वर्षांचे आकडे खालच्या भोकातले असून चुकीचे आहेत, जबाबदार कर्मचारी जोतीराम, कारण वयोमानामुळे वर चढण्यास टाळाटाळ.

 मॅडम म्हणाल्या, सोमवारी हे मंडळाला कळवायचं, लपवायचं नाही. कारखान्याला धूळ गाळायची यंत्रणा सुधारावीच लागेल. काकांचा निरोप समारंभ रद्द. ३१ पर्यंत यायचीही गरज नाही, असं त्यांनीच काकांना फोनवर सांगितलं. काका "बरं" म्हणाले म्हणे.

आणि हेलिकॉप्टर चालवायचं प्रशिक्षण, सर्टिफिकेट – "तुम्हीच जा प्रदीप. हिंमत केलीत तुम्ही." पुढच्या सीझनपासून मी माळावर उभा राहून उडवणार. दोन्ही पाय जमिनीवर.

घरी पेढे नेले. संघप्रियानं विचारलं, कशाचे? बढतीचे, म्हणालो.

८ मार्च

कारखाना बंद झाला. चिमणीतून धूर नाही. काकांचा फोन नाही. मीही केला नाही.

९ मार्च, रविवार

रिपोर्टला जोडायला श्रीमंतांकडून किल्लीच्या वहीच्या पानाचा फोटो मागवला होता. आत्ता आला. माझ्या थरथरत्या सहीच्या वर, दोन वर्षांत आमच्या लॅबची एकच नोंद आहे. मार्च २०२३. काकांचं अक्षर.

"वरची किल्ली पाहिजे."

त्यापुढे लाल शाईत सेफ्टीचा शेरा: "नवीन नियम. दोन माणसांशिवाय किल्ली मिळणार नाही. जोडीदार आणावा."

आणि खाली पुन्हा काका: "जोडीदाराला वर चक्कर येते. त्याला आणणार नाही. ऑफिसात कळू देऊ नये, पोरगा नोकरीला मुकेल."

फोटोखाली श्रीमंतांनी लिहिलंय – पान जोडू का नको, तुमीच ठरवा.

जोडा, म्हणून कळवलं. आणि काकांच्या घरी निघालोय.